शहरातील मतदार नोंदणी कार्यालय कसे चालवावे : अर्जापासून अंतिम यादीपर्यंतचा क्रम

निवडणूक जाहीर झाली की मराठवाड्यातील कोणत्याही शहराच्या तहसील आवारात यादीत नाव न सापडलेल्यांची रांग लागते, आणि त्याच सुमारास दुबार नावांचे गठ्ठे घेऊन राजकीय पक्षांचे कार्यकर्ते येतात. या दोन्ही तक्रारी त्या आठवड्यात निर्माण झालेल्या नसतात. कित्येक महिने आधी खिडकीवर अर्जाचा चुकीचा नमुना घेतलेला असतो, नोटीस न काढता नाव वगळलेले असते किंवा हरकतींसाठीची सात दिवसांची मुदत संपण्यापूर्वीच अर्ज निकाली काढलेला असतो. हा लेख निवडणूक शाखेत नव्याने रुजू झालेले नायब तहसीलदार, अव्वल कारकून आणि पर्यवेक्षक यांच्यासाठी आहे. निरंतर अद्ययावतीकरण (वर्षभर अर्ज घेऊन यादीत बदल करणे) आणि वार्षिक विशेष संक्षिप्त पुनरीक्षण (प्रारूप यादी लावून, ठरावीक मुदतीत अर्ज व हरकती घेऊन ती सुधारणे) या दोन कामांपुरताच तो मर्यादित आहे. भारत निवडणूक आयोगाने विशेष सखोल पुनरीक्षण (घरोघरी जाऊन यादी नव्याने तपासणे) जाहीर केल्यास त्याचे नमुने, कागदपत्रे आणि मुदती स्वतंत्र आदेशाने ठरतात. तेथे हा क्रम जसाच्या तसा लावू नये.

टप्पा १ : हद्द, भाग आणि माणसे

शहर आणि विधानसभा मतदारसंघ यांच्या सीमा सारख्या नसतात, हे पहिल्याच दिवशी सर्व कर्मचाऱ्यांच्या ध्यानात आणून द्यावे. छत्रपती संभाजीनगर शहरासाठी १०७ मध्य, १०८ पश्चिम आणि १०९ पूर्व असे तीन मतदारसंघ आहेत, आणि मतदारसंघांच्या नावात २०२४ च्या विधानसभा निवडणुकीतही ‘औरंगाबाद’ हेच होते. त्यामुळे ऑनलाइन अर्ज भरणाऱ्याला नव्या नावाने शोधून मतदारसंघ सापडत नाही आणि तो हाताला लागेल तो क्रमांक निवडतो. नांदेड शहर ८६ उत्तर आणि ८७ दक्षिण यांत विभागले आहे. लातूरमध्ये २३५ लातूर शहर आणि २३४ लातूर ग्रामीण हे शेजारी मतदारसंघ असल्याने शहराच्या कडेच्या नव्या वसाहतींतील रहिवाशांना आपण नेमके कोठे मोडतो, हे बहुधा ठाऊक नसते.

यावर एकच उपाय खात्रीने चालतो. प्रत्येक यादी भागाचा (एका मतदान केंद्राला जोडलेल्या क्षेत्राचा) नजरी नकाशा समोर घेऊन वसाहत, गल्ली, ठळक खूण, यादी भाग क्रमांक आणि संबंधित मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचे (बीएलओचे) नाव असा एक तक्ता तयार करावा व तो खिडकीवर ठेवावा. एकाच नावाच्या दोन-तीन वसाहती प्रत्येक शहरात असतात, म्हणून ठळक खुणेचा रकाना सोडू नये. छत्रपती संभाजीनगरातील सिडकोच्या एन-१, एन-२ अशा सेक्टरांत घर क्रमांकाची मालिका सेक्टरगणिक पुन्हा सुरू होत असल्याने तेथे सेक्टर लिहिल्याखेरीज पत्ता पूर्ण मानू नये.

त्यानंतर बीएलओंची रिक्त पदे भरावीत. बहुतेक बीएलओ शिक्षक, अंगणवाडी सेविका किंवा महापालिकेचे कर्मचारी असतात आणि त्यांच्या बदल्या होतात, पण बदलीचा आदेश निवडणूक शाखेपर्यंत पोहोचतोच असे नाही. कागदावर नेमलेला आणि प्रत्यक्षात दुसऱ्या तालुक्यात गेलेला बीएलओ असलेल्या भागातील अर्ज महिनोन्महिने पडताळणीविना पडून राहतात. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पर्यवेक्षकाने आपल्या प्रत्येक बीएलओशी प्रत्यक्ष बोलून तो त्या भागात काम करत असल्याची खात्री करावी. आयोगाने बीएलओंना छायाचित्र ओळखपत्र देण्याचे ठरवले आहे. ते गळ्यात असल्याशिवाय अपार्टमेंटचा पहारेकरी आत सोडत नाही, हा सर्वांचा अनुभव आहे.

तपासून पाहा : २०२५ पासून एका मतदान केंद्रावर १,२०० पेक्षा जास्त मतदार नसावेत असे धोरण आहे. ही संख्या ओलांडणाऱ्या भागांची यादी पुनरीक्षण सुरू होण्यापूर्वी काढावी. भाग तोडताना एका कुटुंबातील व्यक्ती दोन केंद्रांत विभागल्या जाणार नाहीत, याकडे लक्ष द्यावे.

टप्पा २ : खिडकीवर अर्ज घेणे

सर्वाधिक चुका येथे होतात आणि त्या पुढे कोणत्याही टप्प्यावर सहज दुरुस्त होत नाहीत, म्हणून शाखेतील सर्वांत जाणकार कारकून खिडकीवर बसवावा. प्रत्यक्षात नेमके उलटे होते : नवा किंवा कंत्राटी कर्मचारी खिडकीवर आणि अनुभवी कारकून आत संचिका लावत बसलेला असतो.

अर्ज हातात घेण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा : “तुमचे नाव यापूर्वी देशात कोठेही, कोणत्याही मतदार यादीत होते का?” उत्तर ‘नाही’ असेल तरच नमुना ६ द्यावा. ऑगस्ट २०२२ पासून नमुना ६ केवळ प्रथमच नोंदणी करणाऱ्यांसाठी आहे. पत्ता बदलला असेल, मग तो त्याच मतदारसंघात असो वा दुसऱ्या राज्यातून आलेला असो, नमुना ८ भरावयाचा असतो. तपशिलातील दुरुस्ती, ओळखपत्राची दुसरी प्रत आणि दिव्यांग असल्याची नोंद यांसाठीही नमुना ८ च आहे. स्थलांतरासाठी नमुना ८ मंजूर झाला की जुन्या ठिकाणची नोंद त्याच प्रक्रियेत वगळली जाते. त्याऐवजी नमुना ६ घेतला तर जुनी नोंद तशीच राहते, आणि दुबार नावांच्या तक्रारींपैकी पुष्कळशा अशा रीतीने खुद्द कार्यालयाच्याच खिडकीवर जन्माला येतात.

मराठवाड्यात यात एक खास अडचण आहे. वाळूज औद्योगिक वसाहतीत किंवा नांदेडच्या बाजारपेठेत वीस वर्षे काम करणारा माणूस शहरात नाव नोंदवू इच्छितो. पण ग्रामपंचायत आणि सोसायटीच्या राजकारणापायी गावातील नाव काढण्यास तो तयार नसतो, म्हणून वरील प्रश्नाला तो सरळ ‘नाही’ म्हणतो. त्याला दोन गोष्टी शांतपणे सांगाव्यात. पहिली, ग्रामपंचायतीची यादीसुद्धा विधानसभेच्या यादीवरूनच तयार होते, त्यामुळे गावातील नाव ही काही वेगळी नोंद नसून ती त्याच यादीतील नोंद आहे. दुसरी, १९५० च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम १७ नुसार एकापेक्षा अधिक मतदारसंघांत नाव ठेवता येत नाही, आणि कलम ३१ नुसार खोट्या घोषणेसाठी एक वर्षापर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. हे ऐकल्यावर अनेक जण घरी विचारून येतो म्हणून परत जातात. जाऊ द्यावे, अर्ज आजच घेतला पाहिजे असे कोणतेही बंधन नाही.

विद्यार्थ्यांच्या बाबतीत उलट चूक होते. लातूरमध्ये शिकवणीसाठी येऊन वसतिगृहात राहणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलाला “गावीच नाव नोंदव” असे सांगून परत पाठवले जाते. तो तेथे खरोखर राहत असेल तर त्याला वसतिगृहाच्या पत्त्यावर किंवा आई-वडिलांच्या घरी, यांपैकी एका ठिकाणी नोंदणीचा पर्याय आहे आणि ती निवड त्याची आहे, कारकुनाची नव्हे.

वयाबाबत १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर असे चार अर्हता दिनांक (ज्या दिवशी अठरा वर्षे पूर्ण असावी लागतात ते दिनांक) आहेत. सतरा वर्षे पूर्ण झालेल्यांचे आगाऊ अर्ज घेता येतात आणि ते ज्या तिमाहीत अठरा वर्षे पूर्ण होतील त्या तिमाहीत विचारात घ्यावयाचे असतात. “जानेवारीत या” हे उत्तर आता चुकीचे आहे. असे अर्ज तिमाहीनिहाय वेगळ्या गठ्ठ्यात ठेवावेत, अन्यथा १ जुलैला पात्र होणारा अर्ज एप्रिलमध्येच ‘अल्पवयीन’ म्हणून फेटाळला जातो.

इशारा : आधार क्रमांक नाही किंवा दिला नाही, एवढ्याच कारणाने अर्ज नाकारता येत नाही आणि नाव वगळताही येत नाही. नमुना ६ मध्ये त्यासाठी स्वतंत्र पर्याय आहे. जन्मतारखेसाठी जन्म प्रमाणपत्र, दहावी-बारावीचे प्रमाणपत्र, पॅन कार्ड, वाहन परवाना किंवा पारपत्र चालते. निवासासाठी वीज वा पाणी बिल, बँक किंवा टपाल पासबुक, नोंदणीकृत भाडेकरार इत्यादी. यांपैकी काहीच नसलेला अर्जही घ्यावा आणि पडताळणीसाठी पाठवावा.

प्रत्येक अर्जाची पोच त्याच क्षणी द्यावी. “नंतर या, पोच तयार ठेवतो” असे म्हटले की अर्ज मिळालाच नव्हता, या वादाला दार उघडते. कोणी एकाच वेळी अर्जांचा गठ्ठा आणून दिला तर तो घेऊ नये. मान्यताप्राप्त पक्षाच्या मतदान केंद्रस्तरीय प्रतिनिधीला संक्षिप्त पुनरीक्षणात एका दिवशी जास्तीत जास्त १० अर्ज देता येतात. संपूर्ण कालावधीत एकाच प्रतिनिधीचे अर्ज ३० पेक्षा जास्त झाले तर त्यांची पडताळणी मतदार नोंदणी अधिकाऱ्याने किंवा सहायक मतदार नोंदणी अधिकाऱ्याने स्वतः करावी.

टप्पा ३ : यादी लावणे आणि सात दिवस थांबणे

नमुना ६ च्या अर्जांची यादी नमुना ९ मध्ये, नाव समाविष्ट करण्यावरील हरकतींची नमुना १० मध्ये आणि तपशील दुरुस्तीची नमुना ११ मध्ये तयार करून कार्यालयाच्या सूचना फलकावर लावावी. सात दिवस पूर्ण होण्यापूर्वी कोणताही अर्ज मंजूर करू नये. कागदपत्रे निर्दोष असली, अर्जदार ओळखीचा असला किंवा वरून दूरध्वनी आला, तरी यात फरक पडत नाही.

या टप्प्यात करावयाचे काम थोडेच आहे, पण पुरावा ठेवणे महत्त्वाचे आहे. फलकावर यादी लावल्याचा दिनांक टाकून छायाचित्र काढावे आणि त्या दिवसाच्या संचिकेत ठेवावे. अपिलात सर्वप्रथम हेच मागितले जाते.

टप्पा ४ : प्रत्यक्ष पडताळणी

बीएलओने घरी जाऊन तीन गोष्टी पाहाव्यात : अर्जदार तेथे सर्वसाधारणपणे राहतो का, अर्जावरील छायाचित्र त्याचेच आहे का आणि घरातील अन्य मतदार कोणत्या भागात आहेत. केवळ घराची मालकी पुरेशी नाही. कलम २० नुसार घर मालकीचे किंवा ताब्यात आहे एवढ्यावरून कोणी तेथील सर्वसाधारण रहिवासी ठरत नाही. मालक पुण्यात, घर संभाजीनगरात आणि किल्ली शेजाऱ्याकडे, अशा प्रकरणांत ही तरतूद उपयोगी पडते.

त्याच कलमाची दुसरी बाजू मात्र पडताळणीत हमखास विसरली जाते. तात्पुरते बाहेर गेल्याने कोणाचे सर्वसाधारण वास्तव्य संपत नाही. पुनरीक्षणाचा कार्यक्रम बहुधा ऑक्टोबर ते जानेवारीत येतो, आणि नेमक्या त्याच काळात बीड, परळी, अंबाजोगाई यांसारख्या शहरांच्या कडेच्या वस्त्यांतील ऊसतोड कुटुंबे घराला कुलूप लावून कारखान्यांवर गेलेली असतात. वीटभट्टीवर जाणाऱ्यांचेही तसेच. बीएलओ जातो, कुलूप पाहतो, ‘स्थलांतरित’ अशी खूण करतो, आणि उन्हाळ्यात परतलेल्या कुटुंबाला मतदानाच्या दिवशी कळते की घरातील पाचही नावे यादीतून गेली. अशा वस्त्यांची यादी दसऱ्यापूर्वीच तयार करून बीएलओला द्यावी आणि तेथे ‘हंगामी बाहेर’ असा शेरा वेगळा लिहिण्याची सक्त सूचना द्यावी. मुकादमाला विचारल्यास कोणते कुटुंब कोणत्या कारखान्यावर आहे आणि केव्हा परतणार, हे दहा मिनिटांत समजते.

बेघर व्यक्तीच्या अर्जात पत्त्याचा पुरावा मागू नये. बीएलओने रात्री त्या ठिकाणी जाऊन ती व्यक्ती खरोखर तेथे झोपते का, हे एकाहून अधिक रात्री पाहावे आणि तसा अहवाल द्यावा.

तपासून पाहा : एका बीएलओच्या एका दिवसाच्या सर्व अहवालांवर एकच शेरा आणि एकाच शाईतील सलग सह्या दिसल्या, तर पर्यवेक्षकाने त्यांपैकी काही घरी स्वतः जावे. शाळेत बसून भरलेला अहवाल ओळखू येतो.

टप्पा ५ : सुनावणी आणि आदेश

ज्या अर्जावर हरकत आली आहे, ज्याची कागदपत्रे आणि पडताळणी अहवाल जुळत नाहीत किंवा ज्याबाबत कोणी लेखी चौकशी मागितली आहे, त्यात सुनावणीची नोटीस काढावी. नोटिशीत दिनांक, वेळ, ठिकाण आणि मुद्दा स्पष्ट लिहावा. “कागदपत्रांसह हजर राहावे” एवढेच लिहिलेली नोटीस वाचून माणूस घरातील सगळी कागदपत्रे पिशवीत घालून येतो आणि जे हवे तेच नेमके नसते.

सुनावणीचा रोजनामा (त्या दिवशीच्या कामकाजाची नोंद) त्याच दिवशी लिहावा. फेटाळण्याचा आदेश असेल तर त्यात कारण दोन-तीन पूर्ण वाक्यांत द्यावे. ‘अपात्र’ किंवा ‘कागदपत्रे अपूर्ण’ हे कारण नव्हे. आदेशाखाली अपिलाची माहिती छापावी : निरंतर अद्ययावतीकरणातील आदेशाविरुद्ध १५ दिवसांत जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे आणि त्यांच्या निर्णयाविरुद्ध ३० दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे अपील करता येते. अपिलाखेरीज अन्य कोणाच्या सांगण्यावरून वैयक्तिक नोंद बदलू नये. निर्णय नोंदणी अधिकाऱ्याचा आहे आणि त्याची जबाबदारीही त्याच्यावरच येते. कर्तव्यातील कसुरीसाठी कलम ३२ मध्ये तीन महिने ते दोन वर्षे कारावास आणि दंड आहे.

टप्पा ६ : नाव वगळणे

नाव घालताना झालेली चूक पुढच्या वेळी दुरुस्त करता येते, पण चुकीने वगळलेल्या माणसाचे एक मत कायमचे जाते. म्हणून येथे घाई करणाऱ्या वरिष्ठालाही थांबवण्याची तयारी शाखेने ठेवावी.

(अ) मयत. महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागाकडून दरमहा मृत्यूंची यादी मागवावी आणि ती भागनिहाय लावून बीएलओकडे द्यावी. नुसत्या नावावरून जुळवणी करू नये. वडिलांचे किंवा पतीचे नाव, वय आणि पत्ता तिन्ही जुळले पाहिजेत. शहरातील मोठ्या रुग्णालयांत आसपासच्या जिल्ह्यांतील रुग्ण दगावतात आणि त्यांची नोंद शहरात होते, हे छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे घाटी या मोठ्या शासकीय रुग्णालयाच्या शहरात काम करणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावे. मृत व्यक्तीचा पत्ता गावचा असेल तर ती नोंद त्या तालुक्याकडे पाठवावी.

(आ) स्थलांतरित किंवा अन्य कारणाने अपात्र. कलम २२ नुसार संबंधित व्यक्तीला बाजू मांडण्याची वाजवी संधी दिल्याशिवाय नाव काढता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या लाल बाबू हुसेन प्रकरणात, आधीपासून यादीत असलेल्या मतदारांची नावे काढताना योग्य चौकशी आणि सुनावणी किती आवश्यक आहे, हे स्पष्ट केले आहे. नोटीस बजावल्याचा पुरावा नसेल तर आदेश काढू नये.

(इ) नमुना ७ (यादीतील नावावर हरकत घेण्याचा किंवा नाव वगळण्याचा अर्ज) वरील हरकती. हरकत घेणारा त्याच मतदारसंघाचा मतदार असला पाहिजे. निवडणुकीपूर्वी एकाच नावाने शेकडो नमुना ७ ऑनलाइन दाखल झाले, तर आधी हरकतदाराला बोलावून अर्ज त्यानेच केला का, हे विचारावे. “माझा क्रमांक कोणी वापरला मला माहीत नाही” हे उत्तर अपेक्षेपेक्षा जास्त वेळा मिळते.

(ई) दुबार. संगणकाने दाखवलेल्या समान छायाचित्रांच्या आणि समान तपशिलांच्या नोंदी हा केवळ संशय आहे. जुळ्या बहिणी, एकाच नावाचे चुलत भाऊ आणि चुकीने चिकटलेले छायाचित्र हे सगळे त्यात येते. खरोखर दुबार असेल तर कोणती नोंद ठेवायची, हे मतदाराच्या सध्याच्या वास्तव्यावरून ठरवावे आणि त्याच्याकडून लिहून घ्यावे. दोन कार्यालयांनी एकमेकांना न विचारता आपापली नोंद काढली की माणूस दोन्हीकडून जातो, म्हणून दुसऱ्या मतदारसंघाच्या कार्यालयाचे लेखी उत्तर संचिकेत आल्यानंतरच वगळणी करावी.

इशारा : पडताळणी करणाऱ्या बीएलओचाच अहवाल हा सुनावणीतील एकमेव पुरावा ठेवू नये. शेजाऱ्याचा जबाब किंवा पंचनामा जोडावा.

टप्पा ७ : नावाचे लेखन

या प्रदेशात नाव लिहिण्याच्या पद्धती एकसारख्या नाहीत आणि संगणकातील ‘नाव’ व ‘आडनाव’ हे दोन रकाने त्यांना पुरत नाहीत. ‘शेख रफिक शेख हबीब’ अशा नावात पहिला ‘शेख’ नाव म्हणून आणि ‘हबीब’ आडनाव म्हणून भरला गेला की यादीत त्याच घरातील भावांची आडनावे वेगवेगळी दिसतात आणि पुढे तीच नोंद संशयित ठरते. ‘लक्ष्मी’ आणि ‘लक्ष्मीबाई’, ‘गणपत’ आणि ‘गणपतराव’ यांतला फरक आधार कार्डावर आणि शाळेच्या दाखल्यावर असतोच. मतदार ज्या दस्तऐवजाच्या आधारे अर्ज करतो त्यातील लेखन घ्यावे आणि एका कुटुंबातील नावे एकत्र पाहून भरावीत. विवाहानंतर नाव बदललेल्या स्त्रीच्या बाबतीत तिला कोणते नाव हवे, हे तिलाच विचारावे. सोबत आलेल्या सासऱ्याला नव्हे.

इंग्रजीतून आपोआप येणारे मराठी रूप कधीही न वाचता स्वीकारू नये. भरलेल्या प्रत्येक दिवसाच्या नोंदी दुसऱ्या कर्मचाऱ्याने मूळ अर्जाशी ताडून पाहाव्यात. भ्रमणध्वनी क्रमांक आणि पिनकोड यांवर विशेष नजर ठेवावी, कारण ओळखपत्र टपालाने जाते आणि परत आलेल्या पाकिटांवर बहुतेक वेळा पत्ता अपुरा असल्याचाच शेरा असतो.

टप्पा ८ : प्रसिद्धी, निवडणूक आणि महापालिकेची यादी

प्रारूप आणि अंतिम यादी प्रसिद्ध करताना मान्यताप्राप्त पक्षांना प्रत्येकी दोन प्रती विनामूल्य द्याव्यात आणि पोच घ्यावी. प्रसिद्धीपूर्वी प्रत्येक भागातील शंभरावर असलेले वय, रिकामे छायाचित्र आणि एकाच घर क्रमांकावर असामान्य संख्येने असलेले मतदार एकदा नजरेखालून घालावेत.

निवडणूक जाहीर झाल्यानंतरही अर्ज येत राहतात. उमेदवारी अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिनांकापूर्वी दहा दिवसांपर्यंत आलेले अर्ज त्या निवडणुकीसाठी विचारात घेतले जातात; त्यानंतरचे अर्जही घ्यावेत, पण “या निवडणुकीत नाव येणार नाही” हे अर्जदाराला स्पष्ट सांगावे. उमेदवारी अर्जाची मुदत संपल्यावर यादीत कोणताही बदल करता येत नाही.

महापालिका निवडणुकीत गोंधळ वेगळा असतो. छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेड-वाघाळा आणि लातूर या पाच महापालिकांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, मात्र त्यासाठी विधानसभेचीच यादी ठरावीक दिनांकास घेऊन प्रभागनिहाय विभागली जाते. प्रभागाच्या प्रारूप यादीवरील हरकतींमध्ये नवे नाव घालता येत नाही किंवा मूळ यादीतील नाव वगळता येत नाही. चुकीच्या प्रभागात गेलेले नाव, लेखनिकाची चूक किंवा विधानसभेच्या यादीत असूनही प्रभागात न आलेले नाव, एवढ्याच हरकती तेथे चालतात. महापालिका कार्यालयातून “तहसीलला जा” आणि तहसीलमधून “महापालिकेत जा” असे माणसाला फिरवण्याऐवजी दोन्ही ठिकाणी एकच फलक लावावा : नव्या नावासाठी नमुना ६ मतदार नोंदणी कार्यालयात, प्रभाग चुकल्याची हरकत महापालिकेच्या निवडणूक विभागात. फलकावर विधानसभेची यादी कोणत्या दिनांकाची घेतली आहे ते मोठ्या अक्षरांत लिहावे आणि त्या दिनांकानंतर मंजूर झालेल्या अर्जदारांची नावे प्रभाग यादीत शोधण्यात कर्मचाऱ्यांचा वेळ घालवू नये.